ओरांग पेंडेकचा पूर्वज कोण?

सुमात्रा बेटाच्या पश्चिम कडेनं बारिसान पर्वताची रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. तिच्या मध्यावर केरिंची सेब्लात नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. जवळजवळ १४ हजार चौरस किलोमीटरचं जंगल, त्यात ३,८०५ मीटर उंचीचा केरिंची ज्वालामुखी, पायथ्याशी चहाचे मळे आणि दालचिनीच्या बागा. शेत संपून रान सुरू होतं त्या सीमेवर राहणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या एका प्राण्याविषयी सांगत आली आहेत. त्याला ती ‘ओरांग पेंडेक’ म्हणतात, म्हणजे बुटका माणूस. उंची तीन ते पाच फूट, अंगावर आखूड, काळपट किंवा तपकिरी केस, खांदे रुंद, हात बळकट आणि लांब, पाय मात्र आखूड. तो दोन पायांवर चालतो, बहुधा एकटाच असतो, फळं आणि कोवळे कोंब खातो, कधी शेतात शिरून ऊस मोडतो. माणूस दिसला की आल्या वाटेनं निघून जातो.

काही कथांत त्याची पावलं उलटी असतात, आपल्याकडच्या हडळीसारखी. पण बहुतेक सांगण्यात असं काही नसतं. तो शाप देत नाही, अदृश्य होत नाही, रूप बदलत नाही. वाघ आणि अस्वलाविषयी बोलावं तितक्या साधेपणानं लोक त्याच्याविषयी बोलतात. म्हणून या कथेला हसून बाजूला सारणं मला पटत नाही. पण तिच्यावर भाबडेपणानं विश्वास ठेवणंही पटत नाही. या प्राण्याची चर्चा बहुधा ‘आहे की नाही’ एवढ्यावरच अडकते. मला त्याच्या आधीचा प्रश्न अधिक मोलाचा वाटतो: असा प्राणी असेल, तर तो कोणाच्या वंशातला?

हा प्रश्न विचारला की बोलण्याला शिस्त येते. उत्क्रांतीच्या हिशेबात एकटा ओरांग पेंडेक असूच शकत नाही. त्याला आईबाप हवेत, त्यांना त्यांचे आईबाप हवेत, आणि ही साखळी तुटू न देण्याइतकी त्याची जमात दर पिढीला जिवंत असायला हवी. त्या जमातीला पुरेसं जंगल हवं, तिचे शत्रू आणि तिचं अन्न यांचा मेळ बसायला हवा, आणि तिचे पूर्वज त्या बेटावर कधी व कसे पोहोचले याचं उत्तर हवं. दंतकथेतल्या प्राण्याला उत्क्रांतीची वंशावळ जोडणारे लोक या मागण्यांपैकी एखादीच पुरी करतात आणि बाकीच्या सोडून देतात. ‘तो अमुक प्राचीन मानवाचा वंशज असावा’ हे वाक्य ऐकायला शास्त्रीय वाटतं, पण एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही.

सर्वांत दिपवणारी वंशावळ २००४ मध्ये पुढे आली. आदल्या वर्षी इंडोनेशियातल्याच फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ गुहेत, एका प्रौढ स्त्रीचा सांगाडा सापडला होता. उंची जेमतेम साडेतीन फूट, मेंदू चिंपांझीच्या मेंदूएवढा, आणि त्याच थरांत दगडी हत्यारं. या मानवजातीला ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ असं नाव मिळालं. सुरुवातीला तिचा काळ १८ हजार वर्षांपूर्वीचा ठरवला गेला, म्हणजे आपले पूर्वज सगळ्या आशियात पसरल्यानंतरचा. साहजिकच जगभर खळबळ उडाली. फ्लोरेसच्या नागे लोकांत ‘एबू गोगो’ नावाच्या केसाळ, बुटक्या, काहीही खाणाऱ्या रानमाणसांची कथा होतीच. ग्रेगरी फोर्थ या मानवशास्त्रज्ञानं ती सांगाडा सापडण्याच्या कितीतरी आधी टिपून ठेवली होती. कथा आणि हाडं एकाच बेटावर भेटली. मग सुमात्राचा ओरांग पेंडेकही त्याच बुटक्या मानवाचा भाऊबंद असेल, असं म्हणायला कितीसा वेळ लागणार?

उंची जुळते, बेटांचा समूह एकच, आणि शेवटचा काळ इतका अलीकडचा की आणखी थोडं पुढे ताणलं तर आजवर येऊन पोहोचता येतं. पण हा तर्क प्रत्येक सांध्यावर निखळतो. लिआंग बुआच्या थरांचा पुन्हा अभ्यास होऊन २०१६ मध्ये नव्या तारखा प्रसिद्ध झाल्या. हाडं १ लाख ते ६० हजार वर्षांपूर्वीची ठरली आणि हत्यारांचा माग ५० हजार वर्षांपूर्वी संपला. आधुनिक माणूस या भागात पोहोचला त्याच सुमाराला ही जमात नाहीशी झालेली दिसते. १८ हजार या आकड्यावर जे मनोरे रचले गेले होते, त्यांच्याखालची जमीनच सरकली. त्याची बातमी मात्र पहिल्या बातमीइतकी दूर पोहोचली नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा भूगोलाचा आहे. फ्लोरेसचा माणूस बुटका का झाला? फ्लोरेस कधीच आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेलं नव्हतं. मोठे सस्तन शिकारी तिथे पोहोचलेच नाहीत, आणि अन्न मर्यादित होतं. अशा एकाकी बेटावर अडकलेले मोठे प्राणी पिढ्यान्‌पिढ्या लहान होत जातात. तिथला स्टेगोडॉन हा हत्तीचा नातेवाईकही असाच खुजा झाला होता. फ्लोरेसवरच्याच माता मेंगे इथे मिळालेल्या सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीच्या जबड्यावरून दिसतं की माणसाचं हे आकुंचन तेव्हाच झालेलं होतं. म्हणजे बुटकेपणाला तिथे कारण होतं. सुमात्राची गोष्ट नेमकी उलटी आहे. हिमयुगांत समुद्र उतरला की, शेवटच्या वेळी तर सुमारे १२० मीटरनं उतरला तेव्हा, सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि मलाया ही सलग भूमी होत असे. वाघ, हत्ती, गेंडे, रानकुत्री तिच्यावरूनच आली. जिथे वाघ फिरतो आणि मुख्य भूमीवरून नवे प्राणी येत राहतात, तिथे एकाकी बेटाचा नियम लागू होत नाही. फ्लोरेसमध्ये ज्या कारणांनी बुटका माणूस घडला, त्यांतलं एकही कारण सुमात्रात नव्हतं. शिवाय फ्लोरेसच्या माणसाजवळ दगडी हत्यारं होती. केरिंचीच्या कथांतल्या ओरांग पेंडेकच्या हातात कोणी कधी हत्यार पाहिलेलं नाही.

दुसरं नाव येतं जायगँटोपिथेकसचं, दक्षिण चीनच्या गुहांतून ज्याचे जबडे आणि दात मिळाले त्या महाकाय कपीचं. (मराठीत आपण वानर म्हणतो ते शेपटीवाल्या माकडाला, शेपटी नसलेल्या गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी यांना शास्त्रीय लेखनात कपी म्हणतात.) हिमालयाच्या यतीसाठी आणि अमेरिकेच्या बिगफूटसाठी हाच पूर्वज सुचवला जातो. बुटक्या माणसासाठी तो सुचवण्यात अर्थ नाही, आणि तो २ लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच नामशेष झाला. इथे त्याची आठवण एका कारणानं काढतो. २०१९ मध्ये त्याच्या दाताच्या आवरणातली प्रथिनं वाचता आली आणि तो ओरांगउटानचा नातेवाईक असल्याचं पक्कं झालं. तोवर काही अभ्यासक त्याला माणसाच्या फांदीवर बसवत होते. अनोळखी मोठा कपी दिसला की त्याला आपल्या घराण्यात ओढायचं, ही सवय जुनी आहे.

या सवयीच्या मुळाशी एक चुकीचं गृहीतक आहे: जो दोन पायांवर चालतो तो माणसाचाच सगा. ओरांग पेंडेकविषयीचा सगळा गोंधळ या एका गृहीतकातून उगवतो. प्रत्यक्षात ताठ चालणं ही एकट्या मानवाची मिरासदारी कधीच नव्हती. गिबन जमिनीवर उतरला की हात उंचावून दोन पायांवरच चालतो. झाडांत लोंबकळण्यासाठी वाढलेले त्याचे हात इतके लांब असतात की चारी पायांवर चालणं त्याला सोयीचं पडत नाही. सुझाना थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सुमात्रातल्या ओरांगउटानांच्या हालचालींचं दीर्घ निरीक्षण करून २००७ मध्ये दाखवून दिलं की बारीक, लवचीक फांद्यांवर हा कपी पाय सरळ करून, हातांनी वरच्या फांदीचा नुसता आधार घेत, ताठ चालतो. फळं आणि पानं नेमकी अशाच टोकाच्या फांद्यांवर असतात. ताठ चालीचा उगम गवताळ मैदानात न होता झाडावर झाला असावा, असा तर्क त्यांनी त्यावरून मांडला. तो सर्वमान्य झालेला नाही, पण मला तो बळकट वाटतो. तो खरा असेल तर ताठ चाल हा सगळ्या कपींचा जुना वारसा ठरतो, आणि माणसानं तो जमिनीवर आणून पक्का केला एवढंच म्हणता येतं. मग रानात ताठ चालणारी आकृती दिसल्यावर मानवाच्या हरवलेल्या भावाकडे धाव घ्यायची गरज उरत नाही.

अशा आकृती सुमात्राच्या जंगलात भरपूर आहेत. काळ्या केसांचा सियामांग हा गिबनांतला सर्वांत मोठा. आग्नेय आशियातलं लहान चणीचं अस्वल मागच्या पायांवर सहज उभं राहतं आणि त्याच्या मागच्या पावलाचा ठसा माणसाच्या पावलासारखा दिसतो. डच वसाहतीच्या काळात डॅमरमन या प्राणिशास्त्रज्ञानं ओरांग पेंडेकचे म्हणून आलेले ठसे तपासले, तेव्हा ते अस्वलाचे निघाले. १९३२ मध्ये बुटक्या माणसाचं पिल्लू म्हणून एक मृतदेह आला. बक्षिसाच्या आशेनं केस काढलेलं ते एक लंगूर जातीचं माकड होतं. आपल्या मेघालयातल्या गारो टेकड्यांत ‘मांदे बुरुंग’ नावाच्या रानमाणसाची अशीच कथा आहे. त्याचे म्हणून मिळालेले केस २००८ मध्ये तपासले, तेव्हा ते गोरल या डोंगरी शेळीसारख्या प्राण्याचे ठरले.

तरीही सगळं अस्वलावर आणि गिबनावर ढकलून मोकळं होणं मला अपुरं वाटतं. व्हान हेरवार्डेन नावाच्या डच वसाहतकाराची १९२३ सालची हकिगत प्रसिद्ध आहे. रानडुकरांच्या शिकारीला गेलेला असताना त्याला झाडावर एक केसाळ, माणसासारखा प्राणी दिसला. त्यानं बंदूक उचलली, पण चाप ओढला नाही, कारण आपण माणूस मारत आहोत असं त्याला वाटलं. त्याच्या वर्णनातल्या तपशिलांवर शास्त्रज्ञांनी शंका घेतली आणि ती रास्तच होती. पण बंदूक खाली करायला लावणारी ती ओळख मला खोटी वाटत नाही. मोठ्या कपीच्या नजरेला नजर भिडल्यावर माणसाला असं होतं, हे त्यांच्यासोबत काम करणारे लोकही सांगतात. अस्वलाकडे पाहून असं होत नाही.

इथेच मला तिसरा आणि सर्वांत साधा पूर्वज दिसतो: ओरांगउटान. त्याच्यासाठी कल्पनेची गरज नाही, कारण त्याचे दात हातात आहेत. ही हकिगत मुळातूनच सांगण्यासारखी आहे. यूजीन डुब्वा हा तरुण डच शरीररचनाशास्त्रज्ञ माणूस आणि कपी यांच्यामधला दुवा शोधायचाच, असं ठरवून १८८७ मध्ये सैन्यातला डॉक्टर म्हणून सुमात्रात दाखल झाला. पाडांगच्या डोंगराळ प्रदेशातल्या लिडा आजेर आणि इतर गुहा त्यानं खणून काढल्या. त्याला दुवा मिळाला नाही. मिळाले ते ओरांगउटानचे दात, तीन हजारांहून अधिक. निराश होऊन तो जावाला गेला, तिथे १८९१ मध्ये त्रिनिलला त्याला ‘जावा मानव’ सापडला आणि त्याचं नाव इतिहासात गेलं. सुमात्रातले दात नेदरलँड्सच्या संग्रहालयात पडून राहिले. होइयर या पुराजीवशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. ते आजच्या ओरांगउटानच्या दातांहून मोठे आहेत. लिडा आजेरचे थर सुमारे ७३ ते ६३ हजार वर्षांपूर्वीचे असल्याचं २०१७ मध्ये ठरलं, आणि त्याच थरांतले दोन दात आधुनिक माणसाचे आहेत.

या वस्तुस्थितीचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. पाडांगचा डोंगराळ प्रदेश केरिंचीच्या उत्तरेला, त्याच बारिसान रांगेत आहे. आज जंगली ओरांगउटान फक्त बेटाच्या उत्तर भागात, तोबा सरोवराच्या आसपास आणि त्याच्या वर उरला आहे. पण एकेकाळी मध्य सुमात्राच्या जंगलात तो विपुल होता आणि आधुनिक माणूस तिथे त्याच्यासोबत राहत होता. वसाहतकाळातल्या नोंदी पाहिल्या तरी त्याचा वावर आजच्यापेक्षा बराच दक्षिणेपर्यंत दिसतो. ज्या प्रदेशात ‘बुटक्या माणसा’ची कथा आहे, तिथून नाहीसा झालेला मोठा कपी कोणता, हे आपल्याला ठाऊक आहे. रुंद खांदे, लांब बलदंड हात, आखूड पाय, एकट्यानं राहणं, फळं आणि कोंब हे अन्न, माणसासारखा चेहरा: ओरांग पेंडेकच्या वर्णनातली दोन पायांवरची चाल आणि आखूड, काळपट केस सोडले तर बाकी सगळं ओरांगउटानचं आहे. राहिलेली चाल आणि काळे केस गिबनाचे आणि अस्वलाचे. विल्यम मार्सडेन या इंग्रज अधिकाऱ्यानं अठराव्या शतकात सुमात्राचा इतिहास लिहिताना अंगभर केस असलेल्या ‘गुगु’ लोकांचा उल्लेख केला, तेव्हा त्यालाही ओरांगउटानच आठवला होता.

माझा निष्कर्ष असा: ओरांग पेंडेक ही स्वतंत्र जात नाही. विरळ होत संपलेल्या ओरांगउटानच्या आठवणीवर सियामांग आणि अस्वल यांच्या क्षणिक दर्शनांचा थर चढून ही आकृती तयार झाली आहे. ही आठवण किती जुनी, हे हाडांवरून सांगता येत नाही. ती हजारो वर्षं मागे जाते असं म्हणण्याची गरजही नाही. शेवटचे चुकार नर आपल्या पणजोबांच्या काळापर्यंत त्या जंगलांत भटकत असतील, तरी एवढी कथा टिकायला ते पुरेसं आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो टाळू नये. नवा मोठा कपी सुमात्रात सापडूच शकत नाही असं कोण म्हणतं? २०१७ मध्ये सापडलाच की! तोबाच्या दक्षिणेला बातांग तोरूच्या जंगलातला ओरांगउटान ही वेगळी जात असल्याचं त्या वर्षी जाहीर झालं. तापानुली ओरांगउटान असं तिचं नाव, आणि तिची शाखा ३० लाखांहून अधिक वर्षांपूर्वी फुटलेली. पण ही जात कशी ओळखली गेली ते पाहा. आसपासच्या लोकांना तो प्राणी माहीत होता. त्याची घरटी, विष्ठा, केस अभ्यासकांना मिळत होते. २०१३ मध्ये माणसांच्या हल्ल्यात जखमी होऊन मेलेल्या एका नराची कवटी हाती आली आणि जनुकांची तुलना झाली. लपलेला होता तो जातीचा वेगळेपणा. प्राणी समोरच होता. १९९२ मध्ये व्हिएतनामात साओला हा मोठा, अनोळखी प्राणी विज्ञानाला कळला तो शिकाऱ्यांच्या घरांत लावलेल्या शिंगांवरून. दुर्मीळ प्राणी असाच माग ठेवतो. केरिंचीच्या परिसरात शतकानुशतकं फासे लागत आले, पण एकाही घरात ओरांग पेंडेकची कवटी नाही.

डेबी मार्टिर या ब्रिटिश पत्रकार १९८९ मध्ये केरिंचीला गेल्या आणि या प्राण्याच्या मागे लागल्या. तो आपण स्वतः पाहिला असं त्या सांगतात, आणि त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. त्यांनी आणि छायाचित्रकार जेरेमी होल्डन यांनी जंगलात वर्षानुवर्षं कॅमेरा ट्रॅप लावले. सगळ्या बेटावर मिळून काही शेच उरलेला वाघ त्यांत दिसला, ओरांग पेंडेक दिसला नाही. १९३०नंतर कोणालाही न दिसलेलं सुमात्राचं डोंगरी भेकर २००२ मध्ये याच उद्यानात एका फासातून जिवंत सोडवलं गेलं. इतका दुर्मीळ प्राणी सापडतो, तिथे तीन ते पाच फुटी कपीची अख्खी जमात कशी सापडत नाही? मार्टिर यांनी पुढे जे केलं ते मला त्यांच्या शोधाहून मोठं वाटतं. २०००पासून त्यांनी उद्यानाच्या वनरक्षकांसोबत आणि गावकऱ्यांसोबत वाघरक्षक पथकं उभी केली. ती आजही जंगलातले फासे काढतात.

म्हणून ‘नवा मानव सापडेल का’ हा प्रश्न मला आता गौण वाटतो. आपण ज्याचा पूर्वज शोधतो आहोत त्याचा वंश अजून संपलेला नाही, पण फार उरलेलाही नाही. तापानुली ओरांगउटानची संख्या ८००हून कमी आहे आणि १८९०च्या दशकातल्या त्याच्या वावरक्षेत्राचा विसावा हिस्साही आज त्याच्याकडे नाही. मादी सात ते नऊ वर्षांतून एकदा विते, त्यामुळे वर्षाला मूठभर प्राणी मारले गेले तरी जमात घसरणीला लागते. बातांग तोरूत जलविद्युत प्रकल्प, सोन्याची खाण आणि वाढती शेती आहे. उत्तर सुमात्रातली सखल जंगलं तेलताडानं गिळली. मध्य सुमात्रातून ओरांगउटान संपला तेव्हा नोंद ठेवायला कोणी नव्हतं, फक्त एक कथा मागे राहिली. उत्तरेत आपण सगळे पाहत असताना तेच घडतं आहे.

यात आपला हात नाही असं म्हणता येणार नाही. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे. आपल्या फरसाणात, बिस्किटांत, वेफर्सच्या पुड्यांत आणि अंगाच्या साबणात ते असतं. ते कुठल्या जमिनीवर पिकलं हे कंपन्यांना सांगायला लावणं अशक्य नाही. युरोपातल्या ग्राहकांनी ते काही प्रमाणात करून दाखवलं आहे. इथल्या ग्राहक संघटनांनी आणि वाचकांनी हा प्रश्न विचारायला लागावं, बातांग तोरूतले हे काही शे जीव अजून आहेत तोवर.